ओढ्यापलीकडचे मतदान केंद्र

निवडणुकीसाठी गावांचे गट पाडणारा तो कारकून नकाशाला कधी बोट लावीत नसे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वाडी दाखवी. कोणत्या वाडीची मते कोणाला पडतात, हे त्याला पाठ होते. आमची वाडी त्याने ओढ्यापलीकडच्या गटात ढकलली. मी लेखी हरकत घेतली. तिच्यातली माझी एक चूक त्याने आदराने दुरुस्त केली, पोच दिली आणि सीमा तशीच ठेवली. आमचे मतदान केंद्र पलीकडे गेले. ओढ्यावर साकव नाही.

"म्हातारी माणसे ओढा कशी ओलांडणार?" मी विचारले.

कार्यालयात प्रमाण मराठीच बोलणारा तो प्रथमच मालवणीत म्हणाला, "गुरुजी, तेंनी ओलांडू नये, म्हणानच ही रेघ."

मग त्याने माझ्यासाठी चहा मागवला, आणि मी तो प्यालो.