सातव्या बीचचे पाच नारळ

मोरेश्वर टिपणीस सनीव्हेलमध्ये तीस वर्षं राहिले आणि त्या तीस वर्षांत समुद्रावर मोजून चार वेळा गेले. समुद्र गाडीने जेमतेम पाऊण तासावर. पण कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन करणाऱ्या माणसाला शनिवारी झोप काढायची असते आणि रविवारी आठवड्याचं सामान भरायचं असतं. रिटायर झाल्यावर मात्र त्यांच्या अंगात समुद्र संचारला. सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या आसपासच्या उत्तम बीचेसची त्यांनी यादी करायला घेतली.

यादी साधीसुधी नव्हती. पार्किंग कुठे, पायऱ्या किती, वारा किती वाजता सुटतो, डबा खायला बाक आहे का, सगळे रकाने होते. शेवटचा रकाना ‘आई-बाबांना न्यावं का’ हा, आणि त्यात एक ते पाच नारळ. उन्हाळ्यात भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांना कुठे फिरवायचं हा तिथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक घरातला प्रश्न, त्यामुळे यादी व्हॉट्सअ‍ॅपवर अशी फिरली की टिपणीसकाका लग्नाला गेले तरी लोक विचारायचे, “काका, या वीकएंडला कुठला बीच?” काकांना हे फार आवडायचं. कुणालाही आवडलं असतं.

अठरा बीच झाले. त्यातला सातवा त्यांनी एका नोव्हेंबरात पाहिला. पाहिला म्हणजे गाडीतून. वारा सुसाट होता, सुलेखाकाकूंना सर्दी झाली होती आणि काकांचा गुडघा कुरकुरत होता. कड्यावरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून दोघांनी काचेआडूनच खाली बघितलं. लांबलचक सोनेरी वाळू, चिटपाखरू नाही. काकूंनी डब्यातलं थालीपीठ काढलं, काकांनी फोनवर टिपून घेतलं: ‘शांत, गर्दी नाही, ज्येष्ठांसाठी उत्तम. पाच नारळ.’ मग घरी आले.

गेल्या ऑगस्टमध्ये निमिष नावाच्या तरुण इंजिनियरने यादी उघडली. त्याची आई शोभनाताई रेवदंड्याहून आली होती. नवरा गेल्यापासून तिथे एकटी राहणारी, रोज संध्याकाळी किनाऱ्यावर चक्कर मारणारी बाई. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती आणि जन्मात एकदाही तिने समुद्राला नारळ द्यायचा चुकवला नव्हता. निमिषला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. पाच नारळांचा तो सातवा बीच निवडून तो आईला घेऊन गेला. आई पायऱ्या उतरली आणि त्याला ऑफिसचा फोन आला, म्हणून तो वर गाडीपाशी थांबला.

शोभनाताईंनी हळदकुंकू लावलेला नारळ पाण्यात सोडला, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर नारळ परत पायाशी. समुद्राने घेतला नाही म्हणजे कसंतरीच वाटतं. म्हणून त्या दोन पावलं पुढे गेल्या, वाकून तो पुन्हा ढकलला आणि वळल्या. पाठीमागून आलेल्या लाटेने त्यांना उचलून आपटलं. फिरायला आलेल्या दोघांनी ओढून काढलं म्हणून वाचल्या. खुबा मोडला.

काका-काकू डबा घेऊन पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा शोभनाताई नुकत्याच घरी आल्या होत्या. “काका, तुमची यादी अगदी बरोबर होती हो,” त्या म्हणाल्या. “जागा फार सुंदर. चूक माझीच.”

काकांनी “काळजी घ्या” म्हणून डबा उघडला. मऊ भात, मेतकूट, लिंबाचं लोणचं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. आठवड्याने दुसरा डबा झाला.

तिसऱ्या वेळी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, निमिष घरीच होता. “काका, डिसेंबरमध्ये मी आईला सोडायला जातोय,” तो म्हणाला. “रेवदंड्याचं घर बंद करून टाकतो. पुण्यात एक सीनियर होम बघितलंय. तिचं जजमेंट राहिलं नाही आता. समुद्राकाठी वाढलेली बाई अशी पाण्यात जाते? उद्या गॅस चालू ठेवेल.”

शोभनाताई वॉकरला धरून तिथेच बसल्या होत्या. “बरोबर आहे त्याचं,” त्या म्हणाल्या. “साठ वर्षं लाटा बघतेय मी. मला एक लाट कळली नाही, म्हणजे डोकं चाललंच माझं.”

गाडीत बसल्यावर काकू पहिल्यांदा बोलल्या. “आपण खाली उतरलो नव्हतो.”

“माहीत आहे मला,” काका खेकसले. खेकसण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तेही त्यांना माहीत होतं. माणूस चोरी करताना सापडला की आधी आवाज चढवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच सातव्या बीचवर गेले. गुडघा दाबत त्रेपन्न पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीशी मोठी पिवळी पाटी होती, वरून कड्याआड लपणारी. समुद्राकडे पाठ करू नका. इथे शांत पाण्यातून अचानक मोठी लाट येते. इथे माणसं दगावली आहेत. त्या दिवशी आईकडे धावत उतरलेल्या निमिषला ती बघायचं भान कुठलं असणार. पाटी इंग्रजीत. शोभनाताईंना ती वाचता आली नसेल, आणि ज्याला आली असती तो त्या नोव्हेंबरात कड्यावर थालीपीठ खात बसला होता. काका वाळूवर पोचले. दहा मिनिटं पाणी लांबच होतं. मग एक लाट आली, थांबायला हवं होतं तिथे थांबली नाही, आणि पाटीच्या खांबापर्यंत येऊन त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तसेच ओल्या पॅन्टने ते निमिषच्या दारात उभे राहिले. आत गेले, बसले नाहीत. आई-मुलासमोर सगळं सांगितलं. गाडी, काच, थालीपीठ, पाटी, आत्ताची लाट.

“काका,” निमिष म्हणाला, “त्या रकान्यात पाच नारळ होते म्हणून मी आईला एकटं खाली सोडलं. नाहीतर तो कॉल मी कट केला असता.”

काकांनी मान खाली घातली. आवाज चढवायला आता काही उरलं नव्हतं.

शोभनाताईंचं मात्र लक्ष वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. “पाटी होती? म्हणजे इथल्या लोकांनासुद्धा ती लाट आधी कळत नाही?”

“नाही कळत. कुणालाच नाही. मी तिकडे टक लावून बघत उभा होतो, तरी कळली नाही.”

“ऐकलंस निमिष?” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. निमिष उठला, त्यांच्या वॉकरशेजारी जमिनीवर बसला, आणि “सॉरी आई, घर नाही बंद करत” एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

काकांना हायसं वाटलं. आता निघावं, घरी जाऊन यादी काढून टाकावी, कारणासकट ग्रुपवर लिहावं, असं मनाशी ठरवून ते दाराकडे वळले.

“काका,” शोभनाताईंनी हाक मारली. डोळे पुसून झाले होते. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “दोन महिने मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेत होते. आज वार कुठला, नातेवाइकांची नावं काय, सगळं पाठ म्हणून बघायचे. तुम्ही त्या दोन महिन्यांत तीन वेळा डबा घेऊन आलात.”

काका उंबऱ्यात तसेच उभे राहिले. पॅन्टमधली वाळू निमिषच्या कार्पेटवर सांडत होती.