ताईंची बॅच फाइल

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. परीक्षेचे पेपर आणि अर्ज सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. तरी हे लिहायला बसलो, त्याबद्दल वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, म्हणून निदान इथं लिहितो.

शेवटच्या वर्षाला मी वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनी होतो. तिथल्या ऑफिसात एक ताई होत्या. दहावी शिकलेल्या, आधी पॅकिंगला होत्या, बघून बघून कॉम्प्युटर शिकल्या. ड्रॉइंग बदललं की मशीनचा नवा प्रोग्राम ऑफिसातून शॉपवरच्या, म्हणजे मशीनजवळच्या, कॉम्प्युटरवर पाठवावा लागे. त्यासाठी ताईंनी स्वतः एक बॅच फाइल, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या हुकुमांची फाइल, लिहिली होती. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की काम व्हायचं.

मला कॉलेजात युनिक्ससारखी शेल, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, शिकवलेली. ऑफिसातल्या विंडोजवरही मी तीच टाकून घेतली होती आणि सगळं तिच्यातून, टाइप करूनच करायचो.

"काय इंजिनियर साहेब," ताई म्हणायच्या, "दोन क्लिकच्या कामाला एवढं टायपिंग? बोटं लई झालीत व्हय?"

मी हसायचो. मनात वाटायचं, यांना काय कळणार. हे आठवलं की अजून लाज वाटते.

एकदा त्यांनी एका दिवसाची रजा घेतली. आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "नवं ड्रॉइंग आलंय. सकाळी फाइल चालव, अन् शॉपवरच्या प्रोग्रामची तारीख बदलली का बघ. तारीख बघितल्याबिगर उठायचं नाय."

सकाळी मी क्लिक न करता शेलमधून ताईंची फाइल चालवायचा हुकूम दिला. विंडोजचं नाव, आवृत्ती, अशा दोन-तीन ओळी आल्या. चूक म्हणून काही दिसलं नाही. झालं, असं समजून मी खिडकी बंद केली. तारीख बघितलीच नाही.

अख्खी शिफ्ट जुन्या प्रोग्रामवर चालली. सगळा माल रिजेक्ट.

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर ताईंना म्हणाले, "तुमच्या घरगुती फायलींवर कारखाना चालवायचा का?" ताईंनी लगेच फाइल चालवून बघितली. ती नीट चालली. त्या माझ्याकडे वळल्या.

"काल तू चालवली होतीस ना रे?"

"हो ताई."

"अन् तारीख?"

"बघितली."

रविवारी पडेगावच्या माझ्या खोलीवर मी स्वतःच्या लॅपटॉपवर तोच हुकूम पुन्हा देऊन पाहिला, शोधाशोध केली. त्या शेलमधून बॅच फाइल चालवताना 'सीएमडी' या विंडोजच्या हुकुमापुढं दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. एकच दिली तर शेल तिला फोल्डरचा पत्ता समजते, नुसतं विंडोजचं प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या हुकुमाची वाट बघणारी ओळ, उघडतं आणि बॅच फाइल चालतच नाही. मी एकच दिली होती.

सोमवारी सांगायचं ठरवून गेलो. जेवणाच्या सुट्टीत ताई डबा न उघडता स्क्रीनवर बोट ठेवून फाइलची एकेक ओळ वाचत होत्या. मी दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळायला आठच दिवस उरले होते. ते ताईंनीच प्रिंट करून दिलं.

गेल्या महिन्यात धीर करून तिथल्या ओळखीच्या ऑपरेटरला फोन केला. ताईंना भेटायला येतो म्हटलं.

"ऑफिसात नसतात त्या आता," तो म्हणाला. "पॅकिंगला गेल्या परत."

"साहेबांनी काढलं?"

"नाय रे. साहेब तर राहा म्हणत होते. ताईंनीच लिहून दिलं, फाइल माझीच चुकली, कुठं ते मला सापडंना, आता हे काम माझ्याच्यानं होत नाय."