बिल्ल्यांच्या खिडकीवरच्या वन्स

आमच्या उपनगरातलं भुयारी स्टेशन सुरू व्हायच्या आधीपासून माझ्या थोरल्या नणंद, वन्स, तिथे नोकरीला होत्या. बोगद्याच्या तोंडाशी त्यांची खिडकी. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढून न्यायचा. फळा रिकामा झाला की वन्स फोनवर "बोगदा मोकळा" म्हणायच्या. मग भोंगा दोनदा व्हायचा आणि रुळाशेजारच्या पट्टीत वीज सोडायचे.

चाचणीच्या गाडीचा तो दिवस. गाडीत मोठे साहेब बसलेले. मी वन्सना डबा द्यायला गेले होते. पाझर बुजवणारे दोघे गवंडी भाऊ तेवढे आत होते. थोरला वर आला.

"ताई, धाकट्याचाही बिल्ला द्या. मागेच आहे, जिन्यात."

"त्याला काय पालखी पाठवू?" वन्स म्हणाल्या, पण दिला. दोघे नेहमी जोडीनेच यायचे. वन्सनी "बोगदा मोकळा" असा फोन केला आणि डबा उघडला.

तेवढ्यात थोरला परत आला. "इकडे आला का तो?"

वन्सचा हात डब्यातच राहिला. "मागे होता म्हणालास ना?"

"होता. पलीकडच्या जिन्याने गेला असेल. त्याचं काही खरं नसतं, ताई."

पहिला भोंगा झाला. वन्सनी फोन उचलला. घंटा जात होती, कुणी घेत नव्हतं. थोरला बोगद्याकडे धावला, तर वन्सनी त्याची कॉलर धरली. "तू नको. एक पुरे झाला."

फलाटावर लाल पेटीत वीज तोडायचा दांडा होता. तो ओढला की सगळी लाइन बंद. विनाकारण ओढणाऱ्याची नोकरी गेलीच म्हणून समजायचं. वन्सचे यजमान गेल्यावर ही नोकरी त्यांनी किती खेटे घालून मिळवली, ते मी पाहिलं होतं.

"वन्स, तो खरंच बाहेर गेला असेल तर?" मी म्हटलं.

"तर बरंच झालं," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी देवाचं नाव घेत होते, तेही धड जमेना. दांडा घट्ट होता. त्यांनी दोन्ही हातांनी लोंबकळून तो खाली आणला. दुसरा भोंगा त्यानंतर झाला.

बोगद्यातून पावलं ऐकू आली. धाकटा रुळावरून येत होता, हातात थापी. "विसरली होती," म्हणाला. "तोंडं का उतरलीत सगळ्यांची?"

थोरल्याने त्याच्या एक कानफटात दिली आणि तिथेच खाली बसून रडायला लागला.

साहेब घामाघूम होऊन आले. "फळा तर रिकामा होता. मग दांडा का ओढला?"

"फळा मीच रिकामा केला होता," वन्स म्हणाल्या. "याचा बिल्ला त्याच्या हातात दिला."

वन्सकडून खिडकी काढून घेतली. नोकरी राहिली, पण तिकिटांवर बसवलं. आठवडाभराने थोरला घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, चूक माझी होती. साहेबांना तसं सांगतो."

"काही सांगू नकोस. तू मागितलास," वन्स म्हणाल्या. "नाही म्हणायलाच तर मला तिथे बसवलं होतं. चहा घेतोस ना?"