उलटा टी-शर्ट

संगमनेरला नोकरीला होतो तेव्हा स्टँडबाहेरचा पेरूवाला रोज दिसायचा. त्याचा पांढरा टी-शर्ट कायम उलटा, शिवणी बाहेर. सुरी मात्र तो खांद्यावरच्या टॉवेललाच पुसायचा. एकदा न राहवून मी म्हणालो, "मामा, टी-शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

"म्हाईत हाय," तो पेरूवर तिखटमीठ भुरभुरत म्हणाला. "पोरीनं लग्नाआधी भांडी घासायच्या स्पंजाचा ठसा कापून ह्या टी-शर्टावर फुलं छापलीत. उन्हानं रंग उडतो लई. ती माहेरी आली, की सुलटा घालतो."

त्यानंतर स्टँडवर उतरलो, की माझी नजर आधी त्या शिवणींकडे जायची. पुष्कळ दिवस शिवणीच दिसल्या.

मग एका सकाळी त्याच्या छातीवर वाकडीतिकडी पिवळी फुलं होती. पेरू मागायचं विसरून मी विचारलं, "कधी आली?"