माने काकांचा पाइप

जाण्याआधी तीन आठवडे माने काकांनी मला ताई म्हणणं बंद केलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

काका आमच्या कॉलेजच्या इंजिन लॅबमध्ये टेक्निशियन होते. मूळचे कराडकडचे. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली, शेवटचं पोस्टिंग चंडीगडजवळ चंडीमंदिरला, मग इथे पंजाबात खरडमध्येच फ्लॅट घेऊन राहिले.

मुलांसमोर मी त्यांची "मॅडम". मुलं गेली, की "ताई, चहा सांगू का?"

अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

गेल्या वर्षी जानेवारीत एका सिलिंडरच्या छोट्या इंजिनावर प्रोजेक्ट होता. प्रश्न साधा. इंजिनात हवा जाते ती वाट लांब केली, तर कमी स्पीडला इंजिन जास्त जोर लावतं का?

पुस्तक म्हणतं, लावतं.

मी हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये लांब पाइप घातला. बाहेर धुकं, लॅब गारठलेली. लोड दिला की इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. तीनदा तेच.

इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत काका म्हणाले, "मॅडम, लांबी बरोबर आहे, कार्बोरेटरची जागा चुकली. एवढ्या गार पाइपातनं पेट्रोल पोचणार कसं? भिंतीलाच चिकटतंय ते. कार्बोरेटर इंजिनला लागून घ्या अन् पाइप त्याच्या तोंडाला लावा. पाइपातनं नुसती हवा येऊ द्या की."

रिव्ह्यूला अर्धा तास उरला होता. बारा मुलं बघत होती.

सगळ्यांना कळावं म्हणून मी हिंदीत म्हणाले, "काका, कान से ग्राफ नहीं बनता."

मुलं हसली. काकाही हसले. फडक्याला हात पुसत "हूं" म्हणाले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं : लांब पाइपचा फायदा नाही.

संध्याकाळी काका म्हणाले, "किल्ली टेबलावर ठेवलीय, मॅडम."

लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो.

आठवड्याने त्यांनी एक ॲल्युमिनियमचा पाइप आणून दिला. हातभर लांब. एक तोंड कर्ण्यासारखं पसरवलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"सवडीनं लावून बघा, मॅडम."

"बघू, काका."

सॉरी म्हणायचं डोक्यात होतं. तेही सवडीनेच.

फेब्रुवारीत एका सकाळी ते दूध आणायला गेले, दुकानाच्या पायरीवर बसले, आणि उठलेच नाहीत.

पाइप वर्षभर माझ्या टेबलावर होता. पंख्याने हजेरीचे कागद उडू नयेत म्हणून.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसंच धुकं पडलं. तोच गारठा, तेच इंजिन. मी कार्बोरेटर इंजिनला लागून घेतला आणि काकांचा पाइप त्याच्या तोंडाला लावला.

खरं लिहायचं तर, ते चुकीचे निघावेत असं मला वाटत होतं. मी सुटले असते.

लोड दिला. इंजिन दबलं, सावरलं, आणि ओढत राहिलं.

पाच वेळा केलं. पाइप काढून, पाइप लावून. पाचही वेळा पाइप असतानाच ते टिकलं.

एका इंजिनावरून नियम ठरत नाही, असं मी मुलांना शिकवते. पण मी तर काकांना एक चाचणीही दिली नव्हती.

आणि आवाज. तो पाइप लावला की हवा ओढताना इंजिन खालच्या सुरात बोलतं. दारातून ऐकलं तर थेट "हूं".

आता इंजिन बंद केल्यावरही मी थोडा वेळ लॅबमध्ये थांबते. का, ते सांगता येत नाही.

रिपोर्ट दुरुस्त केला. त्यावर काकांचं नाव घातलं, यंदाच्या मुलांना वाचून दाखवला. पण हसले होते ते बारा जण पास होऊन गेले. त्यांच्यासाठी हिंदीत वेगळी पोस्ट टाकली आहे.

ही मराठीत, कारण काकू वाचतील.

काकू, काकांचं बरोबर होतं. मी त्यांचं म्हणणं बारा मुलांसमोर हसण्यावारी नेलं. त्या दिवशी ते घरी येऊन काही बोलले का, हे विचारायला मी दोनदा तुमच्या जिन्यापर्यंत येऊन परत गेले. बोलले असतील तर मला सांगा. नसतील, तर निदान आता तुम्हाला माझ्याकडून कळलं.

काका, पाइप आता इंजिनावरच राहील.

शेवटचा नमस्कार.

तुमची,
मॅडम