मनीषानं बूट घालावेत म्हणून

मनीषा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींना रांगेत उभं करत होते. फोन तिच्या नवऱ्याचा होता. तिला डेंग्यू झालाय एवढंच मला ठाऊक होतं, आणि चार दिवसांत उठेल असं आपण धरूनच चालतो. "सकाळी..." एवढं बोलून तो थांबला. अजूनही ते खरं वाटत नाही.

कॉलेजात आम्ही बेसबॉलच्या एकाच संघात होतो. मी चेंडू टाकणारी पिचर, ती बॅटवालीच्या मागं उकिडवी बसून तो झेलणारी कॅचर. हा खेळ काय असतो हे सांगून सांगून आमच्या तोंडाला फेस यायचा. तरी येरमाळ्याला ती घरी गेली की कुणीतरी विचारायचंच, किती विकेट काढल्या? शेवटी ती "पाच" म्हणून मोकळी व्हायची. मोठी डांबरट होती. माझा चेंडू भरकटला की वैतागून मान हलवायची आणि अंगावर घेऊन अडवायची. तशी कॅचर मला पुन्हा मिळाली नाही.

लग्न होऊन ती तेरला गेली. सासरी रीत अशी, की नवरात्रात घरातल्या एका बाईनं नऊ दिवस अनवाणी राहायचं. काकूंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, वर्षानुवर्षं ते पाळलं आणि टाचा फुटायला लागल्यावर नव्या सुनेच्या पदरात घातलं. तिनंही हौसेनं घेतलं. नेमकी राज्याच्या संघाची निवड चाचणी नवरात्रात आली. बुटांशिवाय मैदानात कुणी उतरू देणार नव्हतं. रीत मोडायला तिचं मन होईना, आणि ही चाचणी हुकली तर संसाराला लागलेल्या बाईला पुन्हा कोण बोलावतंय? मी न्यायला गेले तर ती भरलेली पिशवी घेऊन दारात उभी, डोळे सुजलेले. मलाच म्हणाली, तू जा.

काकू चुलीपुढनं उठल्या. स्वतःची चप्पल त्यांनी उचलून माळ्यावर टाकली. "रीत घराची हाय, तुझ्या एकलीची न्हाय. म्या राहते अनवाणी. तू बूट घाल."

"पण तुमच्या टाचा, आत्या..."

"टाचा माझ्या हायत. जा, बस चुकंल."

ती निवडली गेली. पुढं कितीतरी वर्षं राज्याकडून खेळली, आणि दर नवरात्रात, स्पर्धा असो नसो, काकूच अनवाणी. सुनेचा सराव बुडायचा नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोघींची भांडणं झाली नाहीत असं नाही. घरात भाकरी थापायला हिला बसवत नाही, मैदानात बरं तासन्‌तास बसवतं, असा टोमणा काकू मारायच्या. पण तिच्या गुडघ्यांना तेल त्याच चोळून द्यायच्या.

या नवरात्रात मी तेरला जाऊन आले. दुखवट्याचं घर, त्यामुळं यंदा घट बसवलेले नाहीत, म्हणजे रीतही नाही. मी काकूंसाठी मऊ चप्पल नेली होती. त्या गोठ्याकडून आल्या त्या अनवाणीच, टाचेतून रक्त आलेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, यंदा देवीचं काही नाही, घाला की आता.

त्यांनी चप्पल हातात घेतली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि माझ्याजवळ परत ठेवली.

"घातली तर," त्या म्हणाल्या, "ती खेळायची थांबली, असं व्हईल."