सात मिनिटांचं कारण

बस कचेरीच्या संगणक विभागात त्यांना सगळे मास्तर म्हणत. कुणी साधा प्रश्न विचारला तरी मास्तर पार मुळापासून सुरुवात करत. या गुणाचं चीज म्हणून त्यांची बदली अडली होती. बायको पाच वर्षं दुसऱ्या गावी नोकरीला, बदलीचा हुकूम टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पडलेला, आणि साहेबांची अट एकच: वेळापत्रकाच्या प्रोग्रॅममधल्या बेचाळीस फंक्शनांची, म्हणजे एकेक हिशेब करणाऱ्या तुकड्यांची, नीट माहिती लिहून द्या. आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि का.

एकेचाळीस झाली. बेचाळिसावं फंक्शन बस पोहोचायची वेळ काढायचं आणि शेवटी गुपचूप तीत सात मिनिटं मिळवायचं. का, ते कळेना. हे कुणाचं डोकं, म्हणून मास्तरांनी जुनी नोंद उघडली. नऊ वर्षांपूर्वीचं, त्यांचंच. शेजारी त्यांचीच टीप होती: ‘कारण उघड आहे.’

“टाका ना काहीतरी,” चाचणी करणाऱ्या ताई म्हणाल्या. “पुलावर गर्दी असते, लिहा.”

“आता नसते.”

“मग असायची, लिहा!”

“उद्या कुणी मोकळा पूल बघून सात मिनिटं उडवेल. आणि कारण भलतंच असलं तर? लोकांच्या बस चुकतील हो.”

“चुकू देत. तुम्ही तुमच्या घरी असाल.”

दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, इथल्या खिडक्यांची मापं घेतली मी. पडदे शिवायला टाकू?”

“जरा थांब.”

“थांबण्यात माझा हात कोण धरणार!”

मास्तरांनी ‘पुलावरची गर्दी’ लिहिलं, वाचलं, खोडलं. मग लिहिलं: ‘सात मिनिटं का, हे लिहिणाऱ्याला आठवत नाही. काढू नयेत.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “बेचाळिसांत हे एकच मला झटक्यात कळलं.”

“मग हुकमावर सही?”

“मास्तर, हे आठवलं तर जगात एकाच माणसाला आठवेल. त्याला सोडू कसा?” साहेबांनी खाली स्वतःच्या हाताने ओळ जोडली, ‘शंका आल्यास मास्तरांना विचारावे’, आणि हुकूम खणात ठेवला.

मास्तरांनी फोन लावला. “पडदे नको टाकूस.”

ती का म्हणून विचारेल, अशी त्यांनी वाट पाहिली. मुळापासून सांगायची तयारी होती.

“बरं,” ती म्हणाली. “मापाचा कागद जपून ठेवते.”